दोरा, मेण आणि वस्तरा : जरा जपून



एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "थोरलीने तालुक्याला जाऊन पार्लरचे काम शिकून घेतले. आता पडवीत आरसा लावून घरीच काम सुरू करते म्हणते. गावातल्या मुली आतापासूनच विचारायला लागल्या आहेत. पण तिचे वडील म्हणतात, लोकांचे केस काढता काढता कुणाचा तरी आजार घरात आणशील. खरेच यात काही धोका असतो का?"

धोका असतो. वडिलांची भीती खोटी नाही. पण दार बंद करून बसणे हा काही त्यावरचा उपाय नाही. दुधाचे भांडे नीट घासले नाही तर सगळे दूध नासते, म्हणून आपण म्हैस विकून टाकत नाही. भांडे घासायला शिकतो. हेही तसेच आहे. आणि या गोष्टी फक्त पार्लरवालीने जाणून घ्यायच्या आहेत असेही नाही. दाढीला बसणारा बाप्या, जावळ काढायला आणलेले लेकरू, भुवया कोरायला आलेली कॉलेजची पोर, सगळ्यांच्याच कामाच्या आहेत.

धोका नेमका कुठे आहे?

केस काढताना कातडीला बारीक जखमा होतात. वस्तऱ्याने खरचटते, दोऱ्याने केस मुळापासून उपटला की तिथे सुईच्या टोकाएवढे भोक राहते, मेणाबरोबर वरची पातळ साल निघून येते. डोळ्याला रक्त दिसत नाही म्हणून रक्त आले नाही असे समजू नका. ब्लेडच्या पात्यावर, चिमट्याच्या टोकावर आपल्याला न दिसणारे रक्त राहते आणि पुढच्या माणसाच्या खरचटलेल्या जागी पोहोचते.

अशा रक्तातून पसरणाऱ्या आजारांत सगळ्यांत चिवट म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. तिचा विषाणू अंगाबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणजे गेल्या बाजारच्या दिवशी वापरलेले पाते या बाजारच्या दिवशीही आजार देऊ शकते. दुसरी 'क' प्रकारची कावीळ. एड्सचा विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही, पण ओल्या रक्ताची जोखीम कुणी का घ्यावी?

या काविळींचे वाईट असे, की बऱ्याच जणांचे डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस शेतात राबत असतो, जेवतो-खातो, आणि आत यकृत वर्षानुवर्षे खराब होत राहते. पुढे पोटात पाणी होते, कधी कर्करोग होतो. तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेण्याचा काही उपयोग नसतो. यापलीकडे गजकर्ण, चामखीळ, केसतोडासारखे फोड हेही टॉवेल, दोरा आणि वस्तऱ्यावरून एकाचे दुसऱ्याला होतात.

दाढीच्या खुर्चीत बसताना

पूर्वी बलुत्याच्या काळात नाभिक बंधू धोकटी घेऊन दारात येत. वस्तरा पट्ट्यावर घासला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, की तोच सगळ्या आळीला चाले. आता बहुतेक दुकानांत ब्लेड अर्धे मोडून वस्तऱ्यात अडकवतात. ही पद्धत चांगली आहे, मात्र अर्धे ब्लेड एकाच गिऱ्हाइकाला वापरून टाकून दिले पाहिजे. ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर कागदातून काढून मोडले का, एवढे बघा. नसेल तर "दादा, नवीन टाका" असे सरळ म्हणा. त्यात कारागिराचा अपमान नाही. एका ब्लेडला चहाच्या कपाएवढेही पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट तुरटी. दाढी झाली की तुरटीचा खडा पाण्यात बुडवून गालावर फिरवतात. त्याने रक्त थांबते हे खरे, पण तोच खडा सकाळपासून वीस गालांवर फिरलेला असतो. ज्यांच्या गालाला कापले होते, नेमक्या त्यांच्याच रक्ताला तो लागलेला असतो. तुरटी हवीच असेल तर तिची पूड करून ठेवावी, चिमूटभर कापसाने लावावी आणि कापूस फेकून द्यावा.

वस्तरा वासाच्या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून काढला म्हणजे शुद्ध झाला, हाही गैरसमज आहे. पाण्यात दोन थेंब टाकून त्यात दिवसभर हत्यारे बुडवली तर ते पाणीच घाण होते.

लेकराचे जावळ काढताना, नवसाचे केस देताना किंवा दशक्रियेला क्षौर करताना गर्दी असते, घाई असते. तिथे तर नवे ब्लेड घरूनच खिशात घालून न्यावे. लेकराची कातडी फार कोवळी असते आणि ते मान हलवत राहते. ते झोपेला आलेले, भुकेलेले नसेल अशी वेळ धरावी. आणि हो, म्हशी भादरायची हत्यारे माणसाला कधीही वापरू नयेत.

घरातही एक रेझर बापलेकांनी मिळून वापरू नये. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, हात धरल्याने 'ब' किंवा 'क' कावीळ होत नाही. त्यामुळे अशा माणसाला घरात वेगळे वागवू नका. मात्र रेझर, ब्लेड, नखे काढायचे हत्यार आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा वेगळा ठेवा.

पार्लरच्या पडवीत

आता पत्रातल्या मुलीसाठी. बाळ, आरसा किती मोठा घ्यायचा हे नंतर ठरव. आधी हात धुवायची सोय कर. बादली, तोटी असलेला पिंप आणि साबण एवढे पुरे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आधी आणि नंतर हात धुवायचे. एकेकीसाठी वेगळा धुतलेला टॉवेल घ्यायचा. टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे.

चिमटा आणि कात्री ही लोखंडी हत्यारे आधी साबण आणि ब्रशने घासायची. घाण चिकटलेली असेल तर उकळूनही आतले जंतू वाचतात. मग पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून वीस मिनिटे उकळायची, कोरडी करायची आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवायची. चिमट्याचे दोन-तीन जोड असले म्हणजे एक उकळत असताना दुसरा हाताशी राहतो.

टेबल, खुर्चीचे हात, प्लॅस्टिकच्या वाट्या यांना रक्त लागले तर ग्रामपंचायत पाण्यात टाकते तीच टीसीएल पावडर कामाला येते. एक लिटर पाण्यात सुमारे तीस ग्रॅम ताजी पावडर कालवावी, निवळी घ्यावी आणि वीस मिनिटे ठेवून मग पुसावे. हे पाणी रोज नवे करावे, शिळे झाले की त्याचा जोर जातो. हातात रबरी मोजे असावेत. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये हे पाणी कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. लोखंडाला ते गंज चढवते, म्हणून चिमटे त्यात ठेवू नयेत.

दोऱ्याचे काम करताना बऱ्याच जणी दोऱ्याचे टोक दातात धरतात. त्याने आपली थुंकी दोऱ्यावरून तिच्या भुवईवर जाते आणि तिच्या कातडीवरचे आपल्या तोंडात येते. दोरा गळ्यात अडकवून काम करायची रीत आहे, तिचा सराव कर. दर वेळी रिळाचा नवा तुकडा घ्यायचा आणि काम झाले की फेकायचा. चेहऱ्यावर बारीक चपट्या चामखिळी असतील तर तिथे दोरा फिरवू नको. दोरा जिथून जाईल तिथे त्या रांगेने उगवतात. अंगावर कोड असलेल्या बाईला जखम झालेल्या जागी नवा डाग उठू शकतो. तिला ते आधी सांग, मग तिची मर्जी.

मेणाचे काम

मेण म्हणजे वॅक्स. घरी साखर-लिंबाचा पाक करून तेच काम करणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. ज्याने गुऱ्हाळावर काहिलीतल्या पाकाचा चटका खाल्ला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पाणी सांडले तर वाहून जाते, पाक कातडीला चिकटून बसतो आणि खोलवर भाजत राहतो. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापतो. म्हणून मेण किंवा पाक आधी आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचा. आपल्याला सोसला तरच तिला लावायचा. चूल, स्टोव्ह किंवा विजेचे भांडे लहान मुलांच्या वाटेत ठेवायचे नाही.

मेणाच्या मोठ्या डब्यात काडी बुडवायची, अंगाला लावायची आणि तीच काडी पुन्हा डब्यात बुडवायची, ही सर्रास चालणारी चूक आहे. तिच्यामुळे एकीच्या अंगावरचे दुसरीच्या अंगावर जाते. एकेकीपुरते मेण वेगळ्या वाटीत काढून घ्यावे आणि उरलेले टाकून द्यावे. केस गाळून मेण पुन्हा वापरणे तर अजिबात नको. कापडाच्या पट्ट्याही एकदाच वापराव्यात.

मेण केसांच्या वाढीच्या दिशेने पातळ लावायचे. एका हाताने कातडी ताणून धरायची आणि पट्टी उलट दिशेला, कातडीला लगटून, एका झटक्यात ओढायची. वर उचलून ओढली तर साल निघते. एकाच जागी पुन्हा पुन्हा मेण लावायचे नाही. तीळ, मस, फुगलेल्या शिरा, उन्हाने पोळलेली जागा, फोड आणि जखम टाळायच्या.

पहिल्यांदाच येणाऱ्या बाईच्या हातावर चवलीएवढ्या जागेत मेण लावून बघावे आणि एक दिवस थांबावे. खाज, लाली आली नाही तर पुढे जावे. बाजारच्या केस काढायच्या मलमालाही हाच नियम. ते केस जाळून, विरघळवून काढते, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवले तर कातडीही जाळते.

आधी चार प्रश्न विचारावेत. साखरेचा आजार आहे का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतेस का, किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या होत्यास का? तोंडाला कुठले मलम लावतेस? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. गोरे दिसण्यासाठी किंवा गजकर्णासाठी दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणून महिनोन् महिने लावणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. त्याने कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते आणि मेणाबरोबर निघून येते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, तरी ती घरोघर असतात. या प्रश्नांना 'हो' म्हणणाऱ्या बाईला मेण लावू नये. आधी डॉक्टरांना विचारून ये म्हणावे.

'नाही' म्हणणे जड जाते, गिऱ्हाईक तुटेल असे वाटते. पण ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला नाही म्हणायचा हक्क आहे. आपल्याकडे विधवांचे सक्तीने केशवपन होत असे. तेव्हा १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेऊन, आम्ही हे काम करणार नाही असे ठरवले. हातावर पोट असलेली माणसे ती. मग तोंडावर फोड आलेल्या बाईला "बरी झाल्यावर ये" म्हणायला आपल्याला का जड जावे?

चुकून भाजलेच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे. बर्फ घासू नये. टूथपेस्ट, शाई, चुना लावू नये. फोड आला तर फोडू नये. तोंडाला, हाताच्या सांध्याला किंवा तळव्याएवढ्या जागेला भाजले असेल तर दवाखाना गाठावा.

शेतकऱ्याच्या घरची खास काळजी

शहरातल्या मुलीला सांगतात, केस काढल्यावर दोन दिवस उन्हात जाऊ नको. आपल्या मुलींना शेतात जावेच लागते. म्हणून दिवस निवडावा. फवारणीच्या आदल्या दिवशी हातपायांचे केस काढू नयेत, दाढीही शक्यतो फवारणी उरकून, अंघोळ झाल्यावर करावी. कीटकनाशक कातडीतून अंगात शिरते आणि खरचटलेल्या कातडीतून अधिक शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. ऊसतोड, गाजरगवताची खुरपणी, मळणीची धूळ असेल तेव्हाही दोन दिवस थांबावे. नाही तर अंगभर पुरळ उठते आणि दोष मात्र पार्लरवालीच्या माथी येतो.

केस काढायची सुटी पावडर काही ठिकाणी पुड्यांत मिळते. तिला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिच्यात पुष्कळदा बेरियमचे विषारी क्षार असतात. पोटात गेली तर हातपाय लुळे पडतात, हृदय बंद पडू शकते. हरताळ आणि चुन्याची जुनी रीत तर सोडूनच द्या, हरताळात सोमल असतो. असली पुडी घरात आणू नये हे उत्तम. आणली असेल तर पिठाच्या, मिठाच्या फळीवर ठेवू नये. कुणाच्या पोटात गेलीच तर पुडीसकट त्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.

वापरलेले ब्लेड उकिरड्यावर टाकू नका. ते शेणखताबरोबर शेतात जाते आणि अनवाणी पायात घुसते. वैरणीत गेले तर गाय ते गिळते, पोटातून ते हृदयापर्यंत टोचत जाते, आणि जनावर का खंगले हे मेल्यावरच कळते. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडावी आणि त्यात ब्लेड टाकत जावे. डबा भरला की आरोग्य उपकेंद्रात विचारून त्याची विल्हेवाट लावावी. लागलेच तर धनुर्वाताची लस घ्यायला विसरू नये.

केस स्वतःच काही सांगत असतील तर

हनुवटीवर, छातीवर मुलीला राठ केस येऊ लागले, पाळी दोन-दोन महिने लांबते, वजन वाढते, असे असेल तर ते केवळ दिसण्याचे दुखणे नाही. अंगातल्या ग्रंथींचे काही बिघडलेले असू शकते आणि त्यावर औषध आहे. अशा मुलीचे केस काढून पैसे घेणे सोपे, पण तिच्या आईला बाजूला घेऊन "एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवा" म्हणणारी पार्लरवाली गावाच्या खऱ्या उपयोगाची. आणि आयांनो, बघायला पाहुणे येणार म्हणून मुलीच्या मनाविरुद्ध तिला खुर्चीत बसवू नका. अंगावर केस असणे हा आजारही नाही आणि दोषही नाही.

आता वडिलांच्या शंकेचे उत्तर. 'ब' काविळीला लस आहे. मोठ्या माणसाला तीन टोचण्या घ्याव्या लागतात. पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. पार्लरवाल्या मुलीने आणि दुकान चालवणाऱ्या नाभिक बंधूने काम सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारून ती टोचून घ्यावी. तान्ह्या बाळाला ही लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळाली पाहिजे, कारण आईकडून बाळाला झालेली 'ब' कावीळ बहुतेक जन्मभर राहते. 'क' काविळीला लस नाही, पण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ती बहुतेकांची बरी होते. या काविळींची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांतून मोफत देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. वर्षानुवर्षे एकाच वस्तऱ्याखाली बसलेल्यांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन एकदा रक्त तपासून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तेव्हा मुलीला आरसा जरूर लावू द्या. मात्र लसीची पहिली टोचणी आधी, आरसा नंतर. आणि येत्या बाजाराला कारभारी निघाले की मीठ-मिरचीच्या यादीत ब्लेडचे एक पाकीट लिहून द्या. त्यातले एक त्यांनी खिशात ठेवावे, दाढीला बसताना कामाला येईल.